कालवांचा माग, भगरीचा माग

प्रति,
मा. अन्न सुरक्षा आयुक्त, महाराष्ट्र राज्य

विषय : अन्नातून पसरणाऱ्या साथींचा माग आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३५ची अधिसूचना

कालवं, तिसऱ्या, शिनाणे हे दोन शिंपांचे जीव पाणी गाळून जगतात. उबदार, अनुकूल पाण्यात एक मोठे कालव दिवसाला शंभराहून अधिक लिटर पाणी कल्ल्यांतून सोडते आणि त्यातले बारीक अन्नकण अडवून ठेवते. त्या पाण्यात गावाचे सांडपाणी मिसळत असेल तर विषमज्वराचे जिवाणू, काविळीचे विषाणू आणि नोरोविषाणूही त्याच गाळणीत अडकतात. शिंपल्याच्या आत त्यांचे प्रमाण भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त होते. मासा साफ करताना आतडी काढून टाकतात; कालव मात्र आतड्यासकट अख्खे तोंडात जाते. ते कच्चे खाणे म्हणजे खाडीचे पाणी आटवून पिण्यासारखेच आहे.

मराठी किनाऱ्यावर ही रीत नाही. खडकावरून फोडून आणलेली कालवं रत्नागिरी-मालवणात कालवणात किंवा सुक्यात शिजतात, तिसऱ्यांची एकशिपी नारळाच्या वाटणात रटरटते. या रांधण्याने किती आजार टळले असतील, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. छत्रपती संभाजीनगर तर समुद्रापासून रस्त्याने तीनशे किलोमीटरहून दूर. इथल्या बाजारात जायकवाडीच्या मासळीचा मान मोठा. तरीही या शहरातून लिहिलेल्या पत्राची सुरुवात शिंपल्यांपासून होते, कारण जेवणातून पसरलेल्या साथीचा माग मागे मागे जात मूळ ठिकाणापर्यंत कसा न्यायचा, हे जगाला बऱ्याच अंशी कच्च्या कालवांनी शिकवले. ती विद्या मराठवाड्याला वेगळ्याच पदार्थासाठी हवी आहे.

१० नोव्हेंबर १९०२ रोजी इंग्लंडमध्ये विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन या दोन शहरांत महापौरांच्या मेजवान्या झाल्या. नंतरच्या आठवड्यांत दोन्हीकडच्या पाहुण्यांना विषमज्वर झाला. विंचेस्टरच्या कॅथीड्रलचे डीन दगावले. दोन शहरे, दोन स्वयंपाकघरे, दोन वेगळ्या पंगती. ताटातल्या पदार्थांच्या याद्या शेजारी ठेवल्यावर एम्सवर्थ या गावाहून आलेली कालवं दोन्हीकडे निघाली. एम्सवर्थची गटारे कालवांच्या वाफ्यांपाशीच समुद्रात सुटत होती. जिवाणू तपासण्याची आजच्यासारखी साधने तेव्हा नव्हती. तपास करणाऱ्या डॉक्टर बुलस्ट्रोड यांनी कालवं खाल्लेले आणि न खाल्लेले असे गट पाडले आणि कुणाला ताप आला ते मोजले. साथीच्या तपासाचा कणा तोच होता आणि आजही तोच आहे.

१९२४-२५च्या हिवाळ्यात अमेरिकेत न्यूयॉर्क, शिकागो आणि वॉशिंग्टन या एकमेकांपासून दूरच्या शहरांत विषमज्वराने उचल खाल्ली. सुमारे दीड हजार लोक आजारी पडले, दीडशेच्या आसपास मेले. माग न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या कालवांपर्यंत गेला. १९२५मध्ये तिथे शिंपल्यांच्या स्वच्छतेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून एक साधी वस्तू रूढ झाली : प्रत्येक पोत्याला बांधलेली चिठ्ठी. माल कोणी, कोणत्या पाण्यातून, कोणत्या तारखेला काढला, हे तिच्यावर असते. पोते रिकामे झाल्यावरही उपाहारगृहाने ती ९० दिवस जपून ठेवायची असते. हा आकडा हवेतून आलेला नाही. अ प्रकारची कावीळ खाल्ल्यानंतर १५ ते ५० दिवसांनी दिसते. मग रुग्ण डॉक्टरकडे जाणार, तपासणी होणार, नोंद वर जाणार आणि कुणीतरी त्या उपाहारगृहाचे दार ठोठावणार. तोवर चिठ्ठी केरात गेली असेल तर माग तिथेच संपतो.

हा उशीर किती महाग पडतो ते शांघायने पाहिले. १९८८च्या जानेवारी ते मार्च या काळात तिथे सुमारे तीन लाख लोकांना अ प्रकारची कावीळ झाली. शिंपले उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून अर्धेकच्चे खाण्याची तिथली पद्धत. शिंपला उघडला म्हणजे तो शिजला असे नसते. विषाणू मारायचा तर आतले मांसच ९० अंश सेल्सियसला दीड मिनिट राहावे लागते. लिंबू, मिरची, व्हिनेगर यांचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. शांघायच्या रुग्णालयांत खाटा पुरेनाशा झाल्या तेव्हा ज्या जेवणामुळे हे झाले त्याला महिना उलटून गेला होता.

महिन्यापूर्वी काय खाल्ले हे कुणाला आठवते? तपास बहुतेक वेळा इथेच फसतो. नोरोविषाणूची उलटी १२ ते ४८ तासांत सुरू होते, त्यामुळे रुग्ण स्वतःच कालच्या जेवणाकडे बोट दाखवतो. विषमज्वराला एक ते चार आठवडे लागतात, काविळीला त्याहून जास्त. समजा, सिडकोतले एक कुटुंब डिसेंबरात गोव्याला गेले, कुणीतरी हौसेने कच्ची कालवं खाल्ली आणि जानेवारीच्या शेवटी डोळे पिवळे झाले. डॉक्टर पाण्याबद्दल विचारतील, आणि ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते तिथे ते स्वाभाविकच आहे. शिंपल्यांबद्दल कुणी विचारणार नाही. त्याच हॉटेलात त्याच आठवड्यात जेवलेला पुण्याचा एक आणि नाशिकचा एक रुग्णही आपापल्या गावी पाण्याच्या खात्यात जमा होईल. तीन नोंदी एका कागदावर आल्या तरच ती साथ. नाहीतर तीन ठिकाणच्या तीन किरकोळ काविळी.

प्रयोगशाळेचेही असेच आहे. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा खाऱ्या पाण्यातला जिवाणू सांडपाण्यातून येत नाही, तो समुद्राचाच रहिवासी. पाणी तापले की वाढतो. त्याची ओ३:के६ ही जात १९९६मध्ये कोलकात्यात प्रथम ठळकपणे दिसली आणि पुढे जगभर पसरली. २००४च्या उन्हाळ्यात अलास्कासारख्या थंड प्रदेशात जहाजावरच्या प्रवाशांना कच्च्या कालवांतून या जिवाणूचा त्रास झाला. तिथले पाणी त्या वर्षी १५ अंशांच्या वर गेले होते. हा जिवाणू ओळखायला टीसीबीएस नावाचे वेगळे माध्यम लागते. नमुन्यासोबतच्या कागदावर ‘समुद्री अन्न खाल्ले’ एवढे तीन शब्द नसतील, तर समुद्रापासून दूरच्या शहरातली प्रयोगशाळा ते माध्यम काढणार नाही आणि अहवालात ‘रोगजंतू आढळले नाहीत’ असे येईल. तंत्रज्ञाचा त्यात दोष नाही. त्याला विचारलेच नाही ते तो कसे शोधणार?

शिजवल्याने सर्व टळते, हाही समज पुरता खरा नाही. सप्टेंबर १९९७मध्ये केरळात विळिंजम इथे शिनाणे खाऊन सात जण दगावले आणि पाचशेहून अधिक लोकांना रुग्णालय गाठावे लागले. तिथे कारण जंतूंचे नव्हते. विशिष्ट सूक्ष्म शैवालांचे विष शिंपल्यांत साठले होते, आणि ते उकळून जात नाही. त्यावर उपाय एकच : पाण्यावर आणि शिंपल्यांवर नियमित नजर ठेवून वेळीच काढणी थांबवणे. सिंधुदुर्गात महिला बचत गट कालवं आणि शिनाणे पाळू लागले आहेत. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने शिंपले स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवून जिवाणू घालवण्याची पद्धत बसवली आहे. पण तिने नोरोविषाणू पुरता जात नाही आणि शैवालाचे विषही सहज निघत नाही. या बायकांच्या धंद्याला खरे संरक्षण आहे ते पाण्याच्या चाचणीचे आणि पोत्यावरच्या चिठ्ठीचे. एक बदनाम खेप सगळ्या खाडीचा बाजार बसवू शकते, आणि कोणत्या वाफ्यातून ती आली हे सांगता आले तरच बाकीचे वाचतात.

आता मराठवाडा. इथले कालव म्हणजे भगर. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी, एकादशीला, नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत धार्मिक कार्यक्रमात भगरीचा प्रसाद घेतलेल्यांपैकी सुमारे दोन हजार लोकांना उलट्या-जुलाब झाले. बरोबर पंधरवड्याने, २० फेब्रुवारीला, पुढच्या एकादशीला, मराठवाड्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात हरिनाम सप्ताहात शेकडो लोक भगर-आमटी खाऊन आजारी पडले. खाटा कमी पडल्या म्हणून झाडांना दोर बांधून सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. त्या छायाचित्राने देश हळहळला. दर नवरात्रात प्रशासन भगरीवरच्या बुरशीबद्दल इशारा देते, सुटी भगर आणि सुटे पीठ घेऊ नका असे सांगते. इशारा योग्यच आहे. पण एकामागोमाग आलेल्या दोन एकादश्या, एकच पदार्थ, दोन जिल्हे असे चित्र समोर आले की तपासाचा पहिला प्रश्न विंचेस्टरचाच : दोन्ही पंगतींची भगर एकाच गिरणीची, एकाच खेपेची होती का? हा प्रश्न विचारायचा तर दोन जिल्ह्यांच्या नोंदी एकमेकींशेजारी याव्या लागतात आणि पोत्यांवरची नावे कुणीतरी त्याच दिवशी उतरवून घ्यावी लागतात.

प्रत्यक्षात काय घडते? रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात येतात, तिथून ग्रामीण रुग्णालयात, अत्यवस्थ असतील ते घाटी रुग्णालयात. विषबाधा म्हटल्यावर पोलिसांना कळवले जाते आणि पंचनामा होतो. अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी पोहोचेपर्यंत कढया घासून झालेल्या असतात आणि उरलेले अन्न उकिरड्यावर गेलेले असते. पंगत वाढणाऱ्यांना यात लपवायचे काही नसते. घाबरलेल्या गावाला घाण नको असते, इतकेच. नमुना मिळाला तरी तो बहुधा दुकानातल्या दुसऱ्या पोत्याचा असतो. दोन दिवसांनी सगळे घरी जातात आणि अहवाल यायच्या आत बातमी शिळी होते.

साथीचा तपास नमुन्यावर अडून राहत नाही, हे इथे नीट समजून घेण्याजोगे आहे. समजा, लग्नात दोनशे माणसे जेवली. ऐंशी जणांनी एक पदार्थ खाल्ला आणि त्यांतले अठ्ठेचाळीस आजारी पडले, म्हणजे शेकडा साठ. ज्या एकशेवीस जणांनी तो खाल्ला नाही त्यांतले सहाच आजारी, म्हणजे शेकडा पाच. धोका बारा पट. एका दुपारी, एका वहीवर हे गणित होते. न खाताही आजारी पडलेल्या सहांचे स्पष्टीकरण निघते : कुणाला आठवत नाही, कुणाच्या ताटात तोच पळा फिरला. आजाऱ्यांची वेळ तासांप्रमाणे मांडली आणि आकडे एका टोकावर चढून भराभर उतरले, तर एकाच जेवणाचा दोष. आठवडाभर रेंगाळत राहिले तर पाण्याकडे पाहायचे. नोव्हेंबर २०१७मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात गॅस्ट्रोचे रुग्ण हजारांनी वाढले तेव्हा संशय पाण्यावर गेला होता.

या गणिताला एक माणूस लागतो ज्याला कुणी भेटत नाही : आजारी न पडलेला. प्रसाद सगळ्यांनीच खाल्ला असेल तर तुलना होत नाही. उपास नसल्यामुळे ज्याने भगर घेतली नाही, उशिरा आल्यामुळे ज्याच्या वाट्याला फक्त आमटी आली, त्याची साक्ष शंभर रुग्णांच्या साक्षीपेक्षा मोलाची. आपल्याकडे तपासनीस रुग्णालयात जातो आणि तिथूनच परततो. त्याला गावात, बऱ्या माणसांच्या ओसरीवर जायला सांगणारी लेखी पद्धत हवी.

पुण्याच्या अनुभवाचा उल्लेख इथे टाळता येत नाही. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गिया बारे या एरवी दुर्मीळ आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले. आकडा दोनशेच्या आसपास गेला, काही दगावले. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोविषाणू आढळले. कॅम्पिलोबॅक्टरच्या जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी काहींच्या नसांवर हा हल्ला होतो. म्हणजे हातपाय लुळे पडलेले रुग्ण दिसू लागले त्याआधी त्याच भागात जुलाबांची लाट येऊन गेली असली पाहिजे. लकवा मोजला जातो, जुलाब मोजले जात नाहीत. अन्नातून होणाऱ्या आजारांवरच्या देखरेखीतली सर्वांत मोठी फट तीच आहे.

देखरेखीची यंत्रणा मात्र कागदावर पुरेशी आहे. २००४पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो. आरोग्य सेविका लक्षणे नोंदवतात, डॉक्टर संभाव्य निदान, प्रयोगशाळा निश्चित निदान. २०२१पासून ही नोंद संगणकीय मंचावर होते. दुसऱ्या बाजूला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आहे आणि त्याच्या नियमांत विषबाधेच्या घटनेची दखल घेणे हे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. अडचण मधल्या भिंतीची. सर्वेक्षण सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, अन्न व औषध प्रशासन आणि घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, शहरातले दवाखाने महापालिकेकडे, खेड्यातली आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे. आणि गॅस्ट्रोचा रुग्ण सर्वांत आधी जातो तो खासगी डॉक्टर यांपैकी कुणाकडेच नाही.

त्याच डॉक्टरसाठी कायद्यात कलम ३५ आहे. अन्न प्राधिकरण अधिसूचना काढून एखाद्या क्षेत्रातल्या नोंदणीकृत डॉक्टरांना त्यांच्याकडे आलेली अन्न विषबाधेची प्रत्येक घटना ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक करू शकते. कलम ३४ पदनिर्देशित अधिकाऱ्याला तातडीच्या मनाई आदेशासाठी आयुक्तांकडे जाण्याचा मार्ग देते. अन्न विश्लेषकाच्या अहवालाला कायद्याने १४ दिवस दिले आहेत. वहीवरचे गणित दुसऱ्या दिवशी तयार असते, आणि मनाईचा विचार त्या गणितावर सुरू व्हायला हवा. कलम ६५ नुसार असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास किमान पाच लाख, गंभीर इजेला तीन लाखांपर्यंत आणि इतर इजेला एक लाखापर्यंत भरपाईची तरतूद आहे. कोणत्या अन्नाने इजा झाली हे दाखवता आले नाही तर हे कलम रुग्णाच्या काही कामाचे नाही. झाडाखाली सलाईन लावून पडलेल्या माणसाला भरपाई हवी असेल, तर आधी त्या दिवसाची यादी आणि त्या पोत्याची चिठ्ठी हवी.

वेष्टनबंद मालावर परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि खेपेचा क्रमांक असतो. किराणा दुकानात पोते फोडून भगर सुटी विकली की दोन्ही हरवतात. पोत्याचे लेबल कापून तारखेसह ९० दिवस ठेवण्याची सक्ती भगर, साबुदाणा आणि उपासाच्या पिठांच्या विक्रेत्यांवर करता येईल. त्याला एका खिळ्यापलीकडे खर्च नाही. सप्ताह आणि महाप्रसादाच्या आयोजकांनी प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना झाकून थंड जागी दोन दिवस ठेवावा, अशी अट परवानगीच्या कागदात घालता येईल. तालुका रुग्णालयांत शौचनमुना टिकवणारे कॅरी-ब्लेअर माध्यम असावे आणि प्रतिजैविक देण्याआधी काही रुग्णांचा नमुना घेतला जावा. काविळीच्या प्रत्येक रुग्णाला मागच्या सात आठवड्यांतला प्रवास आणि शिंपल्यांचे जेवण विचारले जावे. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून मुंबईची मासळी या शहराला आणखी जवळ आली आहे. हा प्रश्न आता अगदीच परका राहिलेला नाही.

प्राधिकरणाकडे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यासाठी कलम ३५ची अधिसूचना मागावी, खबर घेणारा अधिकारी म्हणून जिल्हा सर्वेक्षण अधिकारी आणि अन्न प्रशासनाचे सहायक आयुक्त या दोघांची नावे एकाच कागदावर द्यावीत, आणि दोघांनी भरायची रुग्णयादी एकच ठेवावी. तपास संपल्यावर निष्कर्ष गावाच्या ग्रामपंचायतीत लावावा, कारण सापडले नसले तरी. हे सर्व येत्या नवरात्रापूर्वी व्हावे, ही विनंती.